मशीननं हार खाल्ला तेव्हा

मी सगळ्या नोकरीत साहेबांपुढं स्वतःच्या कामाबद्दल आपणहून एक शब्द बोललो नाही, आणि त्यापायी आमच्या मोठ्या साहेबांना एक चांगला पांढरा शर्ट टाकून द्यावा लागला.

घरचे म्हणतात, दोन शब्द बोलला असता तर शर्ट वाचला असता. वाचला असता, मी कुठं नाही म्हणतो. पण बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की ते बदलायचा अधिकार माझ्या घरात कुणाला नाही. मलासुद्धा नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. (तिसरीत गुरुजी आणि मी एकमेकांना कंटाळलो. गुरुजींना पगार होता म्हणून ते थांबले, मला नव्हता म्हणून मी उठलो.) पुढं जे शिकलो ते हातानं शिकलो, आणि हातानं शिकलेल्या गोष्टीची तोंडानं जाहिरात करायची मला लाज वाटायची.

ऐंशी सालाच्या आगेमागे सातपूरला मी एका कारखान्यात होतो. तिथं मोटारीचे पत्र्याचे भाग निघायचे. पुढं मोठी शेड, शेडमध्ये मशिनी, आणि शेडच्या मागं, संडासाच्याही पलीकडं, एक खोली. खोलीत कॉम्प्रेसर, आणि कॉम्प्रेसरपाशी मी. कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरची हवा ओढून, दाबून टाकीत भरणारं मशीन. ती हवा नळ्यांतून शेडमध्ये जायची आणि तिच्या जोरावर निम्म्या मशिनी चालायच्या. आता ह्या हवेची एक खोड असते. दाबली की तिला घाम सुटतो. ते पाणी टाकीच्या तळाला साचतं, आणि रोज कॉक उघडून काढलं नाही तर नळ्यांत शिरून शेडभर पिचकाऱ्या उडतात. मी ते सकाळी काढायचो, दुपारी काढायचो, घरी जाताना काढायचो, रात्रपाळी असली की रात्रीही काढायचो. अंगात ताप असताना काढलं, लेकीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा आधी पाणी काढलं आणि मग पाळण्याकडं गेलो. त्यामुळं शेडमध्ये कधी थेंब पडला नाही. आणि थेंब पडला नाही म्हणून हवेत पाणी असतं हेच शेडमधली माणसं विसरून गेली. पाणी विसरली तशी खोली विसरली, आणि खोलीबरोबर मलाही.

माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आमच्या हौसाची, म्हणजे माझ्या बायकोची. आणि तिच्या पाठीशी होता तिचा धाकटा भाऊ दत्तू. दत्तू नांदगावच्या बाजारात मापाडी होता. दिवसभर काट्यावर उभं राहून धान्याचं वजन ओरडून सांगायचं, हा त्याचा धंदा; त्यामुळं त्याच्या कुजबुजण्यानंही भांडी हलायची. तो आला की चहाच्या पहिल्या घोटाला सुरू व्हायचा.

"दाजी, तुमी कारखान्यात नेमकं करता काय?"

"हवा तयार करतो."

"हवा? ती तं भायेर फुकट हाय की."

"दाबाची हवा. मशिनीला लागते ती."

"म्हंजे सायकलवाल्यावानी?" मग बहिणीकडं वळून, "आक्का, मी तं गावात सांगून बसलो, दाजी सायेब हाय म्हून."

हौसा वाढायला घ्यायची. माझ्या ताटात भाकरी मात्र जरा जोरात पडायची.

अशात आमच्या मेंटेनन्समध्ये चार्जहँडची जागा निघाली. चार्जहँड म्हणजे कामगारांच्या वर आणि फोरमनच्या खाली. अंगात खाकी कोट, आणि मुख्य म्हणजे रात्रपाळी बंद. लेक मोठी होत होती, आणि बाप म्हणजे दिवसा घोरणारा माणूस एवढीच तिला माझी ओळख होती. (एकदा तिनं शेजारणीला सांगितलं होतं, आमचे दादा रात्री हरवतात.) तेव्हा ती जागा मला पाहिजे होती. ताठ मानेच्या माणसाला काही नको असतं असं लोक समजतात. पाहिजे असतं. मागायचं नसतं एवढंच.

जागेवर दुसरा डोळा होता बोराडेचा. बोराडे शेडमध्ये फिटर होता, माणूस वाईट नव्हता, पण त्याला दिसायचं कसं ते कळायचं. मोठ्या साहेबांची गाडी गेटातून आत आली की तो हाताला आणि गालाला थोडं ग्रीस लावायचा, मोठ्यातला मोठा पाना उचलायचा आणि शेडच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडं पळत सुटायचा. त्या टोकाला काही काम नसायचं. साहेब गेले की तसाच सावकाश परत यायचा.

आमचे फोरमन कुलथे भला माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, नाव मी दोघांचं पाठवणार आहे. पण ठरवणार मोठे साहेब. तुमचं काम त्यांना दिसलं पाहिजे."

"माझं काम दिसलं तर ते काम बिघडलं असं समजायचं, साहेब. पाणी दिसत नाही हेच माझं काम आहे."

"हे तुम्ही मला सांगताय. साहेबांना सांगा ना."

"मी सांगणार नाही."

घरी आलो तर तीच शाळा.

"अहो, नुसतं एकदा सांगायला काय जातं?" हौसा म्हणाली.

"स्वतःच्या तोंडानं? मला नाही जमायचं."

"बरं, नका बोलू. नुसते समोर जाऊन उभे तरी राहा. साहेबाला डोळे असतील ना."

हे मला पटलं. उभं राहण्यात काही कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी टाकीतून निघालेलं पाणी मी बादलीत भरलं आणि ती बादली घेऊन साहेबांच्या केबिनच्या वाटेवर उभा राहिलो. माझा हिशेब असा, की साहेब विचारतील, हे काय? मी म्हणेन, पाणी. ते विचारतील, कुठलं? आणि मग विचारलंच आहे म्हणून मी सांगेन. विचारल्यावर सांगणं म्हणजे बढाई नव्हे.

साहेब आले. बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी छाती पुढं काढली.

"बरं झालं भेटलात," साहेब म्हणाले. "केबिनसमोरच्या गुलाबांना पाणी कमी पडतंय. जरा लक्ष द्या."

आता मी माळी नाही एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मी माळी नाही म्हटलं, की मग कोण आहे ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना कामाचा विषय निघाला असता. मी "बरं" म्हटलं आणि बादली गुलाबांवर ओतली. नुसती त्याच दिवशी नाही. साहेबांनी लक्ष द्यायला सांगितलं होतं. मी पुढं रोज पाणी काढल्यावर एक चक्कर गुलाबांकडं मारू लागलो. टाकीतल्या पाण्यात तेलाचा अंश असतो. गुलाब आठवड्यात माना टाकून बसले.

"गुलाबाला पाणी घातलंत?" हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, चार्जहँड व्हायला गेला होता ना तुम्ही?"

"साहेबांनी माझ्याकडं बघितलं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आदल्या दिवसापासूनच कारखान्यात काम बंद. मशिनी धुऊन पुसून ठेवायच्या, हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि घरची माणसं कारखाना बघायला येणार. मोठे साहेब मशिनीमशिनीपुढं जाऊन नारळ ठेवणार. त्या वर्षी हवेच्या जोरावर पत्रा दाबून वाकवणारी एक नवी प्रेस आली होती, तिचाही मुहूर्त साहेबांच्या हातून. फक्त त्यांची फेरी शेडमध्येच फिरायची आणि शेडमध्येच संपायची. मागं खोलीकडं कुणी यायचं नाही. दरवर्षी मीच माझ्या कॉम्प्रेसरला कुंकू लावायचो, मीच नारळ फोडायचो आणि प्रसादही मीच खायचो.

"ह्या वर्षी साहेब खोलीत आले पाहिजेत," हौसा म्हणाली. "तुम्ही बोलू नका. खोली बोलेल."

नांदगावहून पॅसेंजर गाडीनं आदल्या दिवशीच दत्तू हजर झाला. त्याच्या खांद्यावर ओलं पोतं आणि पोत्यात एक हार. हार म्हणजे काय सांगू, माझ्या मांडीएवढा जाड. त्याच्या शेजाऱ्याच्या मळ्यातला झेंडू, सुतळीत ओवलेला, ताजा राहावा म्हणून वाटभर पाणी मारून आणलेला.

"हा बैलाचा आहे की मशिनीचा?" मी विचारलं.

"सायेब आंधळा असला तरी दिसन, दाजी," दत्तू म्हणाला. "त्याला हातानं चाचपता यीन."

मीही मागं राहणारा नव्हतो. खोली चुन्यानं रंगवली. कॉम्प्रेसर रॉकेलनं पुसून चकचकीत केला. आता कॉम्प्रेसरला हवा ओढायचं एक तोंड असतं, आणि त्या तोंडावर कचरा आत जाऊ नये म्हणून एक जाळी असते. ती जाळी पार काळी पडली होती. मी ती काढली, हिरवा रंग दिला आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवली. आश्विनातली दमट हवा, रंग सकाळपर्यंत चिकटच. म्हटलं राहू दे, नुसत्या मुहूर्तापुरतं तर चालवायचंय, जाळी नसली म्हणून काय आभाळ आत जाणार आहे?

सकाळी हौसानं रांगोळी घातली. शेडच्या मागच्या दारापासून निघालेली वेल थेट माझ्या उंबऱ्यापर्यंत, आणि उंबऱ्यात मोर. मोर इतका पसरला होता, की खोलीत जायला पाय ठेवायला जागा नाही. मी नेहमीप्रमाणं पाणी काढायला निघालो तर ती हात आडवा घालून उभी.

"कुठं?"

"टाकीतलं पाणी काढायचंय."

"मोर मोडेल. साहेब आले, बघून गेले, की मग काढा."

"दोन दिवस मशीन बंद आहे, हौसा, आतली हवा निवून पाणी साचलं असेल."

"एक दिवस नाही काढलं तर काय होतं? इतकी वर्षं काढलंत, कुणी बघितलं का?"

मी बादली खाली ठेवली. तशात दत्तूनं पोतं उचललं. अंगानं तो सडसडीत, मोराच्या बाजूनं भिंतीला घासत घासत आत शिरला.

"दाजी, ह्याचं तोंड कुठलं वं?"

"ते काय, समोरचं. तिथून हवा घेतो तो," मी बाहेरूनच अभिमानानं सांगितलं.

"मंग हार तोंडालाच घालतो. देवाला बी आपण पायाला घालत नाय."

मी तोवर नवा सदरा घालून आरशात भांग पाडत होतो. (आरसा माझाच, खोलीबाहेर खिळ्याला टांगलेला. माणूस खोलीत विसरला गेला तरी भांग सरळ असावा.) हार कुठं घातला ते मी बघितलं नाही. तोंडावर जाळी लागते हे दत्तूला माहीत नव्हतं, आणि हार तोंडावर आहे हे मला माहीत नव्हतं. चूक कुणाची हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शेडमध्ये पूजा सुरू झाली. साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून आलेले, बरोबर त्यांची मिसेस आणि बाहेरचे दोन पाहुणे. बोराडे स्वच्छ आंघोळ करून आलेला, पण गालाला थोडं ग्रीस होतंच. सवय. नारळ ठेवत ठेवत मंडळी नव्या प्रेसपाशी आली, तशी कुलथ्यांनी मला मान हलवून खूण केली. म्हणजे हवा सोडा. स्टार्टर खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर. मी बटण दाबलं, मोर सांभाळत तिथूनच नमस्कार केला, आणि घाईनं शेडमध्ये येऊन अशा जागी उभा राहिलो, की साहेबांनी मान वर केली तर आधी मी दिसेन आणि माझ्यामागं उघड्या दारातून रांगोळी दिसेल. साहेब पाहुण्यांना प्रेसची माहिती देत होते. सगळं मनासारखं चाललं होतं.

मागून दत्तू आला आणि माझ्या कानाला लागून हळूच म्हणाला. त्याचं हळू कसं असतं ते मी सांगितलंच आहे.

"दाजी, मशीन हार खातंय."

सगळी शेड वळली.

"गप," मी म्हणालो. "साहेब बोलतायत."

"आवो, खातंय म्हंजे खातंय. निम्मा गेला. मी इकडून वढतोय, ते तिकडून वढतंय. माझ्याच्यानं नाय व्हायचं, त्याला जोर लय हाय."

तेवढ्यात मागून हौसाचा आवाज आला. "अहो, सुतळी पण गिळली त्यानं. आता घरघरतोय नुसता."

मी पळालो. मोराचा विचार डोक्यात आला, खोटं नाही सांगत, पण पाय आधी पडला. बटण बंद केलं. टाकीत मात्र जेवढी हवा भरायची तेवढी भरून गेली होती, आणि ती नळीतून प्रेसकडं निघालेली होती. मी परत धावत शेडच्या दारात पोचतो न पोचतो, तर साहेबांनी मुहूर्त म्हणून नळीच्या टोकाची हवेची पिचकारी हातात घेतलेली. प्रेसवर मुद्दाम पसरलेला भुसा उडवून दाखवायचा आणि मग बटण दाबायचं, असा बेत होता. मी ओरडणार होतो. पण साहेबांपुढं आवाज चढवायचा नाही हेही मी कधीतरी ठरवून ठेवलेलं होतं. साहेबांनी पिचकारी दाबली.

आधी फुस्स झालं. मग दोन दिवसांचं साचलेलं पाणी, तेल, आणि त्यात त्या कॉम्प्रेसरनं चावून बारीक केलेला नांदगावचा झेंडू, असं सगळं एकदम बाहेर आलं. प्रेसच्या लोखंडावर आपटलं आणि उलटं साहेबांवर आलं. पांढऱ्या शर्टावर छातीपासून खाली असा पिवळाजर्द पट्टा, जसा नवरदेवाला हळद लावताना करवल्यांचा हात सुटावा. कुलथ्यांच्या चष्म्यावर एक पाकळी चिकटली. बोराडेचा गाल धुऊन निघाला.

वरच्या पत्र्यावरचा कावळा चालताना ऐकू येत होता.

साहेबांनी शर्टाकडं बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "कुलथे, हे काय आहे?"

"पाणी, साहेब." (पिवळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत.)

"हवेच्या लाइनीत पाणी येतं?"

"येतं साहेब. हवा दाबली की सुटतं."

"म्हणजे रोजच?"

"रोजच."

साहेब शर्टावरची पाकळी झटकत म्हणाले, "मग रोज का उडत नाही?"

आता हा प्रश्न इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये कुणी विचारलेला नव्हता. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बोराडे बुटाकडं बघायला लागला. मला उत्तर माहीत होतं. ते सांगण्याची ह्याहून चांगली वेळ उभ्या जन्मात येणार नव्हती. विचारल्यावर सांगणं म्हणजे बढाई नव्हे, हेही मीच ठरवलेलं. पण प्रश्न मला नव्हता, कुलथ्यांना होता. मी ओठ आवळून उभा राहिलो.

तेव्हा माझ्या मागून, धान्याच्या लिलावात ओरडावं तसा, दत्तू ओरडला.

"रोज आमचे दाजी काढत्यात ना सायेब. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ताप आसला तरी काढत्यात. आज आमच्या आक्काच्या मोरामुळं ऱ्हायलं."

ज्यानं मला सायकलवाला म्हटलं, त्याच माणसानं भर शेडमध्ये माझी बाजू मांडली. त्याचे दोन्ही हात झेंडूनं पिवळे, आणि डोळ्यांत पाणी. (तो म्हणतो, ते मशिनीशी ओढाओढ केल्याचं होतं. असू दे.) मी खाली बघितलं. त्या क्षणी कोणी मला माळी म्हटलं असतं तरी मला चाललं असतं.

"कुठे आहेत हे दाजी?" साहेबांनी विचारलं.

कुलथ्यांनी बोट केलं. साहेब दोन पावलं माझ्याकडं आले.

"तुम्ही तर आमचे माळी."

"नाही साहेब," मी म्हणालो.

"मग गुलाबांना पाणी का घालत होता?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

साहेबांच्या मिसेसनी तोंडाला पदर लावला. त्यांना आधी ठसका लागला असं मला वाटलं.

मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. साहेबांची फेरी मागच्या दारातून बाहेर पडली आणि रांगोळीच्या वेलीच्या कडेकडेनं माझ्या खोलीपाशी आली. उंबऱ्यात मोर होता, त्याच्या पिसाऱ्यात माझं पाऊल होतं. आत कॉम्प्रेसर, तोंडातून दीड हात हार बाहेर लोंबतोय, जसा बैल कडब्याची पेंढी खाता खाता विचारात पडावा. भिंतीला टेकून हिरवीगार जाळी.

"ही जाळी कशाची?" साहेबांनी विचारलं.

"तोंडाची, साहेब."

"मग तोंडावर का नाही?"

"आपण येणार म्हणून रंगवली."

साहेबांनी जाळीला बोट लावून बघितलं. हौसाकडं वळून म्हणाले, "मोर छान काढलाय." ती अशी लाजली, की मला क्षणभर वाटलं, चार्जहँडची जागा तिलाच मिळाली.

दुपारभर मी आणि बोराडेनं मिळून कॉम्प्रेसर उघडला. होय, बोराडे स्वतःहून आला, बाह्या सरसावून, गालाला एक ठिपका ग्रीस न लावता. दोघांनी मिळून झेंडूचा लगदा आणि सुतळी खरवडून काढली. साहेब कुणाचा तरी निळा कामाचा शर्ट घालून बाहेर स्टुलावर बसून होते आणि पेढे खात बघत होते. जाळी कशाला, कॉक कशाला, पाणी किती वेळा, एकेक विचारत होते. विचारत होते म्हणून मी सांगत होतो. तेवढं बोललो मी, ते नाकारत नाही. संध्याकाळी प्रेस चालली. थेंब आला नाही.

दिवाळीच्या आत कुलथ्यांनी मला बोलावलं. शेडचा चार्जहँड म्हणून बोराडेचं नाव झालं होतं. मी मान ताठ ठेवली आणि वळलो.

"थांबा की नाना, पुढचं ऐका," ते म्हणाले. "मोठ्या साहेबांनी तुमच्यासाठी वेगळी जागा करून घेतलीय. चार्जहँड, कॉम्प्रेसर विभाग. कोट मिळेल, रात्रपाळी बंद."

"विभाग?" मी म्हणालो. "विभागात माणसं किती?"

कुलथ्यांनी चष्मा पुसला. "सध्या तुम्ही."

"म्हणजे माझ्या हाताखाली?"

"तुम्हीच. आणि एक लक्षात ठेवा नाना, आता हाताखालच्या माणसाकडून चूक झाली तर त्याला ताकीद देणं हे तुमचं काम."

हौसानं आळीत पेढे वाटले. लेक संध्याकाळी माझ्या शेजारी जेवायला बसू लागली, आणि दत्तूनं नांदगावात काय काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मी नवा कोट घालून खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि कुलथ्यांनी सांगितलं होतं त्याप्रमाणं हाताखालच्या एकुलत्या एका माणसाला खंडेनवमीच्या प्रकाराबद्दल सक्त ताकीद दिली.

त्यानं ती घेतली नाही. म्हणाला, चूक माझी नाहीच. मी निवृत्त होईपर्यंत त्याला समजावत होतो, पण इतका हट्टी कामगार मी उभ्या सातपुरात बघितला नाही.